नाही कशावरून? : जे. एल. बी. स्मिथ आणि सीलाकॅन्थ

श्रोतेहो, आजचं व्याख्यान एका माशावर आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने मासा का घ्यावा, असं काहींना वाटेल. पण या माशाच्या इतिहासात 'नाही' हा शब्द इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या तऱ्हेने येतो, की मला तो विषय माझाच वाटत आला आहे.

आपल्याकडच्या दार्शनिकांनी 'नाही'वर शतकानुशतकं वाद घातले. समोर जमिनीवर घडा नाही, हे मला कसं कळतं? नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानेच कळतं. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, ते एक स्वतंत्र प्रमाण आहे, त्याचं नाव अनुपलब्धी. वाद राहू द्या. एका बाबतीत मात्र सगळे सावध आहेत. नुसतं न दिसणं पुरत नाही, 'योग्य' न दिसणं लागतं. म्हणजे घडा तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे उघडे हवेत, वस्तू दिसण्याजोगी हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून घडा नाही असं म्हणता येत नाही. त्यांचं दुसरं उदाहरण पिशाचाचं. पिशाच मुळात दिसणारी वस्तूच नाही, तेव्हा ते दिसत नाही यावरून ते नाही असं सिद्ध होत नाही. हा 'योग्य' शब्द कृपा करून लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला तीनचारदा लागणार आहे.

आता मासा. स्विस शास्त्रज्ञ लुई अगासीने १८३९ साली एका जीवाश्म माशाला 'सीलाकॅन्थस' हे नाव दिलं. अर्थ साधा आहे, पोकळ काट्याचा. पुढे अशा माशांचं एक मोठं कूळच सापडत गेलं. सर्वांत जुने अवशेष सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांचे पर इतर माशांसारखे अंगातून थेट पंख्यासारखे फुटलेले नाहीत. आधी एक मांसल देठ, त्यात हाडं, आणि टोकाला पर. हाताचं मूळ इथे असावं, असं पाहणाऱ्याला वाटावं अशी ती रचना. शेपटीच्या मध्यभागी आणखी एक छोटीशी शेपूट. युरोप, अमेरिका, आफ्रिका, सगळीकडच्या खडकांत हे मासे मिळाले. आपल्याकडेही प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातल्या ज्युरासिक काळाच्या थरांतून एक मिळाला, १९७४ मध्ये त्याचं वर्णन 'इंडोसीलाकॅन्थस' या नावाने प्रसिद्ध झालं. गोदावरीकाठच्या माणसांना हे सहसा ठाऊक नसतं, म्हणून सांगितलं.

पण ज्या थरात डायनोसॉर संपतात, साधारण तिथेच हे मासेही संपतात. त्यानंतरच्या साडेसहा कोटी वर्षांच्या खडकांत सीलाकॅन्थ नाही. एक हाड नाही, एक खवला नाही. तेव्हा शास्त्रज्ञांनी जो निष्कर्ष काढला तो तुम्ही-आम्हीही काढला असता. हा वंश बुडाला. १९३८ साली जगातल्या कोणत्याही प्राणिशास्त्राच्या वर्गात हेच शिकवलं जात होतं, आणि त्यात कोणी आळस केला होता असं मुळीच नाही.

त्या वर्षी २२ डिसेंबरला दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन नावाच्या बंदरात 'नेरीन' हा ट्रॉलर लागला. कप्तान हेन्ड्रिक गूसन. त्याने चलुम्ना नदीच्या मुखासमोर सुमारे चाळीस वाव पाण्यात, म्हणजे सत्तरेक मीटरवर, जाळं ओढलं होतं. गावात एक छोटं संग्रहालय होतं आणि त्याची अभिरक्षक होती एकतीस वर्षांची मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर. जाळ्यात काही वेगळं आलं तर गूसन तिला निरोप पाठवायचा. ती धक्क्यावर गेली. नाताळ जवळ आलेला, खलाशांना शुभेच्छा देऊन परतावं असा तिचा बेत. तेवढ्यात शार्क आणि इतर मासळीच्या ढिगाखालून एक निळा पर तिला दिसला. वरची मासळी बाजूला केली तर पाच फूट लांबीचा, फिकट निळसर, पांढरे ठिपके असलेला, चिलखतासारख्या खवल्यांचा मासा. वजन ५७ किलो. हे काय आहे ते तिला कळलं नाही. मात्र आपल्याला कळत नाही, हे तिला लगेच कळलं, आणि संग्रहालयाच्या कामात हे कळणं फार मोलाचं असतं.

पुढची हकिकत ऐकताना आजही हात चोळावेसे वाटतात. टॅक्सीवाला तो वास मारणारा मासा गाडीत घ्यायला तयार होईना. संग्रहालयाच्या अध्यक्षांनी बघितलं आणि खडकांतला एक नेहमीचा मासा म्हणून सोडून दिलं. शवागाराने ठेवून घ्यायला नकार दिला, शीतगृहानेही दिला. दक्षिण गोलार्धातला डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. शेवटी पेंढा भरणाऱ्या कारागिराकडे मासा गेला, फॉर्मॅलिनमध्ये भिजवलेल्या कापडात आणि वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवला, पण तेवढ्याने काय होणार? चारपाच दिवसांत तो बिघडायला लागला, तेव्हा कातडं आणि कवटी राखली आणि आतडी, कल्ले, सगळं मऊ शरीर टाकून दिलं. फोटो काढले होते, तेही खराब निघाले. या बाईला मी दोष देणार नाही. तिच्याजागी दुसरं कोणी असतं तर कातडंही उरलं नसतं.

२३ डिसेंबरला तिने एक पत्र लिहिलं आणि सोबत माशाचं एक ओबडधोबड रेखाटन जोडलं. पत्र होतं जे. एल. बी. स्मिथ यांना.

हे स्मिथ कोण? व्यवसायाने माशांचे अभ्यासकच नव्हते. जन्म १८९७, ग्राफ-रायनेट या गावी. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर गेले, तिथून मलेरिया आणि इतर आजार घेऊन परतले आणि प्रकृती कायमची अधू झाली. केंब्रिजहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट. ग्रॅहम्सटाउनच्या ऱ्होड्स कॉलेजात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवत. मासे हा लहानपणी हाती धरलेल्या गळाचा नाद, तो वाढत वाढत अभ्यास झाला. किनाऱ्यावरच्या लहान लहान संग्रहालयांचं माशांचं काम ते मानद म्हणून बघत. आठवडाभर प्रयोगशाळा आणि सुट्टीत खडक, असा त्यांचा क्रम. आपल्याकडे अशा माणसाला 'हौशी' म्हणून बाजूला ठेवतात. त्या काळच्या लंडनच्या दृष्टीनेही ते फार वेगळे नव्हते.

स्मिथ सुट्टीसाठी पाचशेहून अधिक किलोमीटर दूर, नायझना इथे होते. नाताळच्या गर्दीत टपाल रखडलं आणि पत्र हातात पडलं ३ जानेवारी १९३९ ला. रेखाटनातली ती देठासारख्या परांची रचना आणि ती दुहेरी शेपूट बघून त्यांना काय वाटलं असेल? ते जे बघत होते ते त्यांनी पुस्तकात, दगडावरच्या ठशांच्या चित्रांत पाहिलं होतं. त्यांनी लगेच तार केली, सांगाडा आणि कल्ले जपून ठेवा म्हणून. तोवर कल्ले कचऱ्यात गेलेले होते.

मला या माणसाचे पुढचे सहा आठवडे फार महत्त्वाचे वाटतात. आपण इतिहास सांगताना एकदम शोधावर येतो, मधल्या दिवसांना जागाच देत नाही. स्मिथना खात्री होती आणि त्याच वेळी त्यांना स्वतःच्या खात्रीची भीती वाटत होती. एका रेखाटनावरून, तेही चित्रकार नसलेल्या व्यक्तीच्या, साडेसहा कोटी वर्षांचं 'नाही' खोडून काढायचं? चुकलं तर रसायनशास्त्राच्या या मास्तराचं नाव जन्माचं हसं होणार. त्यांनी जीवाश्म माशांची जाडजूड सूची मागवून घेतली. काही खवले मागवले, ते आल्यावर शंका बरीचशी फिटली. तरी १६ फेब्रुवारीला ईस्ट लंडनला जाऊन, त्या पेंढा भरलेल्या माशासमोर उभं राहीपर्यंत त्यांनी जाहीरपणे काही म्हटलं नाही.

इथे आपला 'योग्य' शब्द पहिल्यांदा उपयोगी पडतो. स्मिथनी काय ओळखलं? खडकांत न दिसणं आणि जगात नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे. हे मी सांगितलं की सोपं वाटतं. पण सगळ्या जाणत्यांनी 'नाही' म्हटलेलं असताना, हातात कुजका पुरावा घेऊन ते म्हणणं सोपं नव्हतं. मार्च १९३९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांचं टिपण आलं. माशाला त्यांनी नाव दिलं लॅटिमेरिया चलुम्नी. बाईंचं आडनाव आणि नदीचं नाव. लंडनचे तज्ज्ञ हवे होते तर नावात कोणी बडा माणूस घालता आला असता. स्मिथनी तसं केलं नाही, आणि त्या एका कृतीमुळे एका छोट्या संग्रहालयातली बाई विज्ञानात अमर झाली. हेच स्मिथ चौदा वर्षांनी दुसऱ्या माशाचं नाव ठेवताना काय करतात, तेही पुढे येईलच.

मासा खरा ठरला, आता तो राहतो कुठे हा प्रश्न आला. ब्रिटिश म्युझियममधल्या तज्ज्ञांचं मत असं पडलं, की हा अगाध खोल समुद्रातला असणार, चुकून वर आला असणार. तर्क समजण्यासारखा आहे. इतकी वर्षं दिसला नाही म्हणजे जिथे आपण जातच नाही तिथे तो असणार. स्मिथना हे पटेना. त्यांनी माशाकडे बघितलं. खोल समुद्रातले मासे मऊ, लिबलिबीत, काळपट असतात. हा निळा, भक्कम, जाड खवल्यांचा, मोठ्या तोंडाचा. हे अंग खडकांशी घासत, दबा धरून शिकार करणाऱ्याचं आहे. म्हणजे तो खडकाळ किनाऱ्याजवळ, मध्यम खोलीवर राहत असणार, आणि ट्रॉलरची जाळी खडकांवर ओढता येत नाहीत म्हणून सापडत नसणार. पूर्व केपचा किनारा तर ट्रॉलरनी विंचरलेला. तेव्हा याचं घर उत्तरेला असावं, मोझांबिकच्या वर कुठेतरी. एका प्रेतावरून परिसर वाचायचा हा प्रकार आहे, आणि स्मिथच्या साऱ्या कामात मला हा सर्वांत मोठा वाटतो. त्यांना परिसंस्था वगैरे शब्द फारसे लागत नव्हते. अंग बघून ते घराचा अंदाज बांधत होते.

मग चौदा वर्षं शोध. आधी युद्ध आलं, त्यात काहीच करता आलं नाही. १९४६ मध्ये त्यांनी रसायनशास्त्र सोडलं आणि सरकारी संशोधन मंडळाच्या शिष्यवृत्तीवर पूर्ण वेळ मासे घेतले. वय एकोणपन्नास. बरोबर पत्नी मार्गारेट. त्या त्यांच्या विद्यार्थिनी, वयाने जवळजवळ एकोणीस वर्षांनी लहान. चित्रकला शिकून घेऊन त्यांनी माशांची चित्रं काढली, मोहिमा सांभाळल्या, पोर्तुगीज बोलल्या. १९४९ चा 'सी फिशेस ऑफ सदर्न आफ्रिका' हा हजारावर जातींचा ग्रंथ दोघांचा आहे, मुखपृष्ठावर नाव कोणाचंही असो. मोझांबिक, झांझिबार, केनिया, किनाऱ्यामागून किनारे त्यांनी पालथे घातले. मासे गोळा करायला स्मिथ सर्रास सुरुंग वापरत. प्रवाळात स्फोट करायचा आणि वर तरंगलेले मासे टिपायचे. आज कोणी असं केलं तर तुरुंगात जाईल, आणि जावंच. त्या काळी ही मान्य पद्धत होती हे खरं, पण ज्या समुद्राचं तो माणूस आयुष्यभर वर्णन करत होता तोच तो फोडतही होता, हेही खरंच आहे.

या शोधाचं मुख्य हत्यार मात्र कागदाचं होतं. माशाचा फोटो छापलेलं एक पत्रक, इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज या तीन भाषांत, सोबत १०० पौंडांचं बक्षीस. ते किनाराभर वाटलं गेलं. आता भाषा बघा. तिन्ही भाषा राज्य करणाऱ्यांच्या. मासे पकडणारे बोलत होते स्वाहिली, कोमोरी, मकुवा. पत्रक छापणाऱ्याला अपेक्षित वाचक कोण होता, हे त्यातून उघड होतं.

१९५२ मध्ये झांझिबारला एरिक हंट नावाचा एक इंग्रज व्यापारी-कप्तान स्मिथ पतिपत्नींना भेटला. त्याची शिडाची नौका कोमोरो बेटांकडे जात असे. मादागास्कर आणि आफ्रिका यांच्या मधली ही ज्वालामुखी बेटं तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होती. हंट पत्रकांचा गठ्ठा घेऊन गेला. २० डिसेंबरच्या रात्री अंजुआन बेटाच्या डोमोनी गावाजवळ अहमदी अब्दल्ला नावाच्या कोळ्याच्या गळाला एक मोठा मासा लागला. तो बाजारात आणला, आणि चिरणार एवढ्यात अफाने मोहम्मद नावाच्या शाळामास्तराने तो पाहिला. त्याने पत्रक वाचलेलं होतं. मासा वाचला तो त्याच्यामुळे. मग तो डोंगर ओलांडून, चाळीसेक किलोमीटर, पलीकडच्या मुत्सामुडु बंदरात हंटकडे नेला. हंटने तो खारवला, मिळेल तिथून फॉर्मॅलिन आणून टोचलं आणि तार केली.

स्मिथ तेव्हा बोटीवर होते. डर्बनला तार मिळाली, २४ डिसेंबरला. पुन्हा नाताळ, पुन्हा सगळं बंद! कोमोरोला वेळेत पोचायचं तर विमान हवं, आणि विमान फक्त लष्कराकडे. अनेक दारं ठोठावून झाल्यावर स्मिथनी २६ तारखेच्या रात्री थेट पंतप्रधानांना फोन लावला. पंतप्रधान होते डॅनियल मलान, ज्यांनी १९४८ मध्ये वर्णद्वेषी राजवट अधिकृत केली ते. मूळचे चर्चचे धर्मोपदेशक. त्यांच्या पंथात उत्क्रांतीचं नावही खपत नव्हतं. तरी त्यांनी विमान दिलं. त्यांच्या सुट्टीच्या घरी स्मिथचं माशांचं पुस्तक होतं, असं सांगतात त्यावर माझा विश्वास बसतो. लष्करी डकोटा विमान २९ डिसेंबरला कोमोरोतल्या पामान्झीच्या धावपट्टीवर उतरलं. हंटच्या नौकेवर कापसात गुंडाळलेला मासा होता. स्मिथ गुडघे टेकून बसले आणि रडले. हे त्यांनी स्वतःच पुढे 'ओल्ड फोरलेग्ज' या १९५६ च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

या माशाला पाठीवरचा पहिला पर नव्हता. शेपटीच्या मध्यभागचं ते जास्तीचं टोकही नव्हतं. स्मिथनी ठरवलं, हा निराळाच वंश. नाव ठेवलं मलानिया अंजुआनी. पहिलं नाव पंतप्रधानांचं.

श्रोतेहो, इथे आपला शब्द दुसऱ्यांदा येतो. पर नाही, म्हणून वंश वेगळा. पण तो पर जन्मतःच नव्हता की एखाद्या अपघातात गेला होता? पुढे आणखी मासे सापडले तेव्हा कळलं, हा साधा लॅटिमेरियाच होता, दुखापतीने पर गमावलेला. 'नाही'ची इतकी पारख असलेला हा माणूस दुसऱ्या 'नाही'ला फसला. घाई होती, आनंद होता, आणि पंतप्रधानांचं देणंही होतं. मलानचं नाव त्यामुळे प्राणिशास्त्राच्या यादीत टिकलं नाही, याचं मला व्यक्तिशः दुःख नाही. आणि अहमदी अब्दल्ला? त्याला १०० पौंड मिळाले. ती रक्कम तिथल्या गरीब कोळ्यासाठी मोठीच होती. नाव मात्र कशालाच दिलं गेलं नाही.

आता मला ज्यासाठी हे व्याख्यान द्यावंसं वाटलं त्या गोष्टीकडे येतो. कोमोरोच्या कोळ्यांना हा मासा माहीत होता. त्यांच्या भाषेत त्याला नाव होतं, गोंबेसा. रात्री लहान होडीतून, दोरीला दगड बांधून, ते खोल पाण्यात गळ सोडत. त्यांना हवा असे 'नेसा' नावाचा दुसरा एक तेलकट मासा. कधीमधी गळाला गोंबेसा लागायचा. खायला तो बेकार, त्यामुळे त्याची कोणाला नवलाई नव्हती. त्यांचे बाप आणि आजे तो पकडत आले होते. म्हणजे लंडन, पॅरिस, न्यूयॉर्कमध्ये ज्या प्राण्याचं 'नाही' साडेसहा कोटी वर्षांचं होतं, तो अंजुआनच्या बाजारात अधूनमधून चिरला जात होता.

याचा अर्थ शास्त्रज्ञ मूर्ख आणि कोळी ज्ञानी असा काढू नका. तसं बोलणं आजकाल फार सोपं झालंय. गोंबेसाला ओळखणाऱ्या कोळ्याला तो सीलाकॅन्थ आहे हे माहीत नव्हतं. ते जाणायला अगासीचे दगड लागतात. पण 'आम्हाला तो दिसला नाही' या वाक्यातला 'आम्ही' कोण, हे कोणी विचारलं नव्हतं. भाट्ट मीमांसकांची अट परत आठवा. घडा असता तर दिसला असता, पण कोणाला? ज्याचे डोळे तिथे आहेत त्याला. स्मिथची थोरवी मला अशी दिसते, की त्यांनी निदान विचारायला कागद पाठवला. आणि त्यांची मर्यादा अशी, की तो पाठवला तीन साहेबी भाषांत, आणि वाचायला मधे एक मास्तर लागला.

यानंतर फ्रेंच सरकारने बेटांचा दरवाजा परदेशी संशोधकांना बंद केला. मासा आमच्या हद्दीतला, अभ्यास आम्ही करू. पॅरिसच्या जाक मिलो आणि झां आंतोनी यांनी पुढची वीसेक वर्षं त्याच्या शरीररचनेवर अवाढव्य काम केलं, तीन मोठे खंड काढले. स्मिथ बाजूला पडले. त्यांनी मासे सोडले नाहीत, दुसऱ्या शेकडो जातींवर लिहीत राहिले. आजारपण मात्र वाढत गेलं आणि ८ जानेवारी १९६८ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी स्वतःच जीवन संपवलं. यावर मी अधिक बोलणार नाही. मार्गारेटबाईंनी त्यांच्या नावाने मत्स्यशास्त्राची संस्था उभी केली, तिच्या पहिल्या संचालक झाल्या आणि जुना ग्रंथ नव्या अभ्यासकांना सोबत घेऊन १९८६ मध्ये पुन्हा नव्याने आणला. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

१९८७ च्या जानेवारीत हान्स फ्रिके या जर्मन संशोधकाने एका छोट्या पाणबुडीतून, ग्रांद कोमोर बेटाजवळ, हा मासा त्याच्या घरात जिवंत बघितला आणि त्याचं चित्रण केलं. स्मिथना वाटत होतं की तो मांसल परांवर समुद्रतळाशी चालत असेल. पुस्तकाचं नावच मुळी 'चतुष्पाद म्हातारा' या अर्थाचं. तो चालत नाही. पाण्याच्या संथ प्रवाहात तरंगत राहतो, कधी डोकं खाली करून उभा राहतो. पण तरंगताना परांच्या जोड्या तिरक्या हलवतो, पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, पाल चालते तशा. म्हणजे स्मिथ चुकलेही आणि अगदीच चुकलेही नाहीत. घराच्या बाबतीत ते बरेचसे बरोबर निघाले. अगाध खोलीत नाही, तर ज्वालामुखीच्या उभ्या उतारांवर, दीडशे-अडीचशे मीटरवर, लाव्हाच्या गुहांत हे मासे दिवसा राहतात. एकेका गुहेत दहाहून अधिक, शांतपणे, एकमेकांना न भांडता. रात्री बाहेर पडून शिकार करतात. थंड पाणी, थोडं अन्न, संथ शरीर. अशा ठिकाणी खर्च कमी ठेवणाऱ्याचंच भागतं.

आणि तिथेच खडकांतल्या त्या मोठ्या 'नाही'चाही उलगडा होतो. उभ्या लाव्हाच्या उतारावर गाळ साचून मेलेल्या माशाचा जीवाश्म होणं कठीण, आणि झालाच तर तो थर वर येऊन भूशास्त्रज्ञाच्या हातोडीखाली सापडणं आणखी कठीण. साडेसहा कोटी वर्षं हा मासा अंधाऱ्या खोलीतला घडा होता.

इथे 'जिवंत जीवाश्म' या शब्दाबद्दलचं माझं मत सांगून टाकतो. शब्द डार्विनचा आहे, १८५९ च्या ग्रंथातला, आणि आकर्षक आहे. पण लॅटिमेरिया हा वंश जीवाश्मात सापडलेला नाही. सापडले ते त्याचे चुलते. शिवाय २०१३ मध्ये त्याच्या जनुकांचा संपूर्ण आराखडा वाचला गेला आणि चार पायांच्या प्राण्यांचा अधिक जवळचा नातेवाईक हा नसून फुप्फुसमासा आहे, हे स्पष्ट झालं. आपला आजोबा म्हणून ज्याचे फोटो जगभर छापले तो चुलत आजोबा निघाला.

१९९७ मध्ये इंडोनेशियाच्या मनाडो शहरातल्या मासळीबाजारात मधुचंद्राला आलेल्या एका जोडप्याला हातगाडीवर हाच मासा दिसला. नवरा, मार्क अर्डमन, समुद्रजीवांचा अभ्यासक. कोमोरोपासून जवळजवळ दहा हजार किलोमीटर दूर! जातही वेगळी निघाली. तिथल्या कोळ्यांकडे त्याला नाव होतं, राजा लाउत, समुद्राचा राजा. गोष्ट तीच पुन्हा घडली. बाजार, नाव, आणि कोणी न विचारलेले कोळी.

आता या माशाचं काय चाललंय ते थोडक्यात सांगतो. कोमोरो आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याची जात अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. जगभरच्या संग्रहालयांना नमुने हवे होते, त्यात बरेच मासे गेले. पुढे टांझानियात शार्कसाठी खोल पाण्यात जाळी लावायला लागले आणि २००३ पासून त्यांत सीलाकॅन्थ अडकू लागले. तिथे टांगा इथे २००९ मध्ये त्याच्या नावाचं सागरी उद्यान झालं.

हा मासा किती जगतो? खवल्यांवर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात, ती मोजून पूर्वी वीसेक वर्षं असा अंदाज होता. २०२१ मध्ये फ्रेंच संशोधकांनी तेच खवले ध्रुवीकृत प्रकाशात पाहिले, तर मोठ्या वर्तुळांच्या मधे अगदी बारीक वर्तुळं दिसली. साध्या उजेडात ती दिसण्याजोगीच नव्हती. तिसऱ्यांदा तोच शब्द. नवा हिशेब असा, की आयुष्य शंभरीच्या आसपास, वयात यायला पन्नासहून अधिक वर्षं, आणि मादी पाच वर्षं गरोदर. मादी अंडी घालत नाही, पिल्लंच जन्माला घालते. हे १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयातली एक मादी उघडली आणि आत पाच पिल्लं निघाली, तेव्हा कळलं. ती मादी तिथे बारातेरा वर्षं बंद पडून होती.

या हिशेबाने, अहमदी अब्दल्लाने ज्या रात्री गळ टाकला त्या रात्री अंजुआनच्या उतारावर जन्मलेलं एखादं पिल्लू आज सत्तरी ओलांडलेलं असेल, साधारण माझ्याच वयाचं. मादी असेल आणि कुठल्या जाळ्यात सापडली नसेल, तर पन्नाशीनंतर तिला अजून दोनतीनदाच वीण झाली असेल.